भासऱ्याच्या मागची सीट

वारासिवनीहून बालाघाटला मी रोज कारनं जातो, आणि एकटा जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे एकत्र प्रवासाचे फायदे तुम्हाला माझ्याच तोंडून ऐकायचे आहेत. पाच माणसांच्या गाडीत मी, माझा मोबाइल आणि मागच्या सीटवर माझा डबा. बायको म्हणते, "कोणाले तरी सोबत घेत जा. तेवढंच बोलनं होईन." मी म्हणतो, बोलणं टाळायलाच तर गाडी घेतली. यावर ती जे म्हणते ते छापता येण्यासारखं नाही.

आमचं ऑफिस सरकारी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. फाटक एक, झाड एक आणि गाड्या मावत नाहीत इतक्या. नव्या साहेबांच्या डोळ्यांत हे खुपलं. सोमवारच्या बैठकीत त्यांनी 'साझा सवारी' जाहीर केली. दर मंगळवारी कोणीही एकट्यानं गाडी आणायची नाही. मोटारसायकलवर दोघं, कारमध्ये निदान तिघं. बसनं या, सायकलनं या, पायी या, सगळं चालेल. पण फाटकावर चौकीदार डोकी मोजेल, आणि डोकी कमी भरली तर गाडी बाहेर आणि माणूस गैरहजर. आमचं जमलं की मग सगळ्या शहराला सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

कल्पना वाईट नव्हती. वाईट एवढंच झालं, की मी हसलो. मोठ्यानं नाही, नाकातून.

"आपको हँसी आई?" साहेबांनी विचारलं.

"नहीं सर, ख़ुशी हुई."

"बहुत अच्छा. तो आप ही प्रभारी."

पहिल्या मंगळवारी प्रभारी स्वतःच एकटा आला. बायको सोबत यायला तयार नव्हती, आणि शेजाऱ्यांना मी आजवर कधी नमस्कारही केला नव्हता. पण मी हुशार माणूस. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर पेन्शनच्या कामासाठी रोज येणारा एक म्हातारा बसलेला असतो. त्याला म्हटलं, "बाबा, फाटकापर्यंत बसा गाडीत, मग चहा पाजतो." दुसरं डोकं चहावाल्याकडे मागणार होतो. म्हातारा मागच्या सीटवर बसला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, आणि आमच्या ऑफिसातल्या सर्वेअरनं म्हाताऱ्याचा पाय धरला.

"हा माहा हाय! याले मी आधी समोसा खाऊ घातला!"

मी म्हाताऱ्याचा हात धरला. तो पाय ओढू लागला, मी हात. कुडता काखेत फाटला. म्हातारा आधी ओरडला, मग शिव्या देऊ लागला, आणि मग त्यानं मांडीवरची काठी उचलली. पहिला फटका सर्वेअरच्या नाकावर बसला. नाकातून अशी धार लागली की पांढरा शर्ट पोटापर्यंत लाल झाला. दुसरा माझ्या नडगीवर. मी खाली बसलो. सर्वेअरला वाटलं, म्हाताऱ्याला मीच चिथावलं. त्यानं हेल्मेट माझ्या पाठीत घातलं, पुन्हा उचललं आणि या खेपेला बोनेटवर घातलं. पाठीपेक्षा ते बोनेट मला जास्त लागलं. मी उठून त्याची कॉलर धरली. चौकीदार शिटी फुंकत राहिला, जणू मॅच चालली होती.

वरून साहेब बघत होते.

"ये क्या हो रहा है?"

"सर," मी सर्वेअरचं मनगट दातांतून सोडून म्हणालो, "साझा सवारी."

त्याच दिवशी हुकूम निघाला, की उधारीचे प्रवासी बंद. कोणी कोणासोबत यायचं हे प्रभारीनं गावं बघून ठरवायचं, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं.

दुसऱ्या दिवशी आमची कॉम्प्युटरवाली बाई माझ्या टेबलाशी आली. रामपायलीची, तिशीच्या आतबाहेरची, कंत्राटावर. डोक्यावरून पदर कधी घसरू द्यायची नाही, पण बोटं अशी चालायची की आम्ही दोन बोटांनी टाइप करणारे शरमेनं पान खायला निघून जायचो.

"दादा, माही जोडी कोनासंगही लावा," ती म्हणाली. "पन वेळेवर पोचली पाह्यजे. आमच्या यायचा पाय मोडला, तवापासून बसनं येऊन राह्यली. ते बस रोजच उशिरा. साहेबानं सांगतलं का आता मंगळवारी एक खेपही उशीर झाला तं कंत्राट पुढं नाई."

"नवऱ्याचा पाय कसा मोडला?"

"धुऱ्यावर," तिनं एवढंच सांगितलं आणि खाली बघितलं.

धुरा म्हणजे शेताचा बांध. मला वाटलं, घसरून पडला असेल. नवऱ्याचं खाटेवरचं दुखणं, शेतावर मजूर नाही, घरात येणारा पैसा तो एवढाच तिचा. नोकरी गेली तर काय, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मनात मात्र ठरवलं, की हिचं काम झालंच पाहिजे. माझ्या मनात दया आली की कोणाचं तरी हाड मोडतं, असा आजवरचा अनुभव आहे. तरी दया मी येऊ देतो.

आमचा चपराशीही रामपायलीचाच. आडनाव तेच. पण त्या गावात ते आडनाव दर तिसऱ्या घराला आहे. रोज मोटारसायकलनं एकटा येतो आणि वेळेच्या आधी येतो. जोडी आपोआप जुळली. आता गंमत अशी, की तो चहा घेऊन खोलीत आला की ही बाई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायची. दोन वर्षं मी हे बघत होतो. मला वाटायचं, बिडीचा वास सहन होत नसेल. शिवाय चपराश्याच्या अंगठ्याला बरेच दिवस पट्टी होती. विचारलं तर म्हणाला, "दारात सापडला, बाबूजी." मी म्हटलं, जपत जा.

बैठकीत मी जोड्या सांगितल्या. मोठ्या आवाजात, जरा लांबवून, लग्नात नवरानवरीची नावं घेतात तशा. लोक हसत होते. मग मी म्हणालो, "आणि रामपायलीच्या बाई बसतील आपल्या चपराश्याच्या मागे, त्याच्या मोटारसायकलवर."

हसणं बंद झालं. चपराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. ट्रे तिरपा झाला आणि सगळे कप सर्वेअरच्या मांडीवर सांडले. बाई उठून बाहेर गेली. साहेबांना काही कळलं नाही, मलाही नाही. बाकी सगळ्यांना कळलं होतं. चपराशी जाताजाता पुटपुटला, "बाबूजी, पाप करता का?"

सर्वेअर भाजलेली मांडी धरून, नाकाला चिकटपट्टी लावलेल्या तोंडानं माझ्याजवळ आला. एवढा आनंदी मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

"भासरा हाय तो तिचा," तो म्हणाला. "सख्खा. नवऱ्याचा मोठा भाऊ. आन नवऱ्याचा पाय कोनं मोडला, मालूम हाय?"

आता ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भासऱ्यापुढे भावसून पदर सोडत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या खाटेवर बसत नाही. अंगाला अंग लागणं तर लांबच. त्याच्याविषयी बाहेर तक्रार करणंही नाही, म्हणून तर ती 'धुऱ्यावर' एवढंच म्हणाली होती. माझी आईही माझ्या थोरल्या काकांपुढे आयुष्यभर अशीच वागली. मला हे सगळं माहीत होतं. पण कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई हे पाळत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिला मोटारसायकलवर, त्याच्या पाठीला टेकून बसवायला निघालो होतो. आणि तेही सरकारी हुकमानं.

राहिलेलं सर्वेअरनं सांगितलं. दोघा भावांची वाटणी झालेली. वरची बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, थोरल्याची, खालची धाकट्याची. पावसानं ओढ दिली तेव्हा थोरल्यानं धुऱ्यातली वाट बुजवून पाणी अडवलं. धाकट्यानं पहाटे जाऊन फावड्यानं धुरा फोडला. थोरला तिथंच दबा धरून होता. त्यानं लोखंडी पहार घातली, आणि तुऱ्हाटी मोडावी तसं नडगीचं हाड मोडलं. धाकट्यानं पडल्यापडल्या थोरल्याचा अंगठा दातांत धरला, तो नख निघेपर्यंत सोडला नाही. चिखलात ते दोघे कुत्र्यासारखे लोळत होते, आणि फुटलेल्या धुऱ्यातून सगळं पाणी नाल्यात गेलं. कोणाच्याच धानाला मिळालं नाही.

संध्याकाळी बाई आली. डोळे लाल होते.

"दादा, माह्यावर कायचा सूड घेतला?"

"बदलून देतो."

"साहेबाले सांगान तं ते म्हनतीन, बाईलेच अडचन हाय, काढा तिले. नका सांगू."

सांगायचं माझ्याही जिवावर आलं होतं, पण वेगळ्या कारणानं. साहेबांसमोर पुन्हा एकदा गाढव ठरायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी एक शक्कल काढली. मोटारसायकलवर अडचण आहे ना? मग मीच कार घेऊन रामपायलीला जातो. चपराशी पुढे, बाई मागे, मध्ये सीटची पाठ. कोणाचं अंग कोणाला लागत नाही, तिघांची गणती होते, दोघंही वेळेवर पोचतात. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दोघांनाही वेगवेगळं गाठून म्हटलं, "मंगळवारी मी गाडी घेऊन येतो." गाडीत दुसरं कोण असेल, हे मात्र कोणालाच सांगितलं नाही. बसल्यावर कळेल, बसल्यावर कोण भांडतं?

मंगळवारी सकाळी मी रामपायलीत पोचलो. एकच अंगण, मधून नवी विटांची भिंत. धाकटा पायाला प्लास्टर लावून दारातल्या खाटेवर, शेजारी कुबडी. त्यानं मला चहा पाजला.

"लय उपकार केले, बाबूजी," तो म्हणाला. "त्या हरामखोराच्या मांगं बसवनार होते म्हनं हिले. माह्या हातून खून झाला असता."

"कोण बसवणार होतं?" मी विचारलं.

"कोन मालूम! कोनी येडझवा असन."

मी चहा संपवला. बाई मागे बसली. मी गाडी सुरू केली आणि भिंतीच्या पलीकडे, खाटेवरून स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी, पुन्हा थांबवली. चपराशी धुतलेला शर्ट घालून उभा होता. दार उघडून पुढे बसला. आरशात बघून त्याला कळलं मागे कोण आहे. मागे तिनं पदर ओढून तोंड काचेकडे केलं.

"बाबूजी, हे काय?" चपराशी म्हणाला.

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. धाकटा एका पायावर उड्या मारत आला होता. त्यानं कुबडी दोन्ही हातांनी उगारली आणि पुढच्या काचेवर हाणली. काचेवर जाळं पडलं. दुसऱ्या फटक्यात ती आत आली, माझ्या मांडीवर, तोंडावर, शर्टात. चपराश्यानं दार लाथेनं उघडलं. ते दार धाकट्याच्या छातीत बसलं आणि तो उताणा पडला. चपराशी त्याच्या अंगावर बसला.

मी बाहेर आलो ते सोडवायला. म्हणजे मनात तसं होतं. एकाचा कोपर माझ्या तोंडावर बसला, चष्मा उडाला आणि मी ओठ चाचपत रस्त्यावर रांगत चष्मा शोधू लागलो. त्यामुळे पुढचं मी जमिनीच्या उंचीवरून पाहिलं. थोरल्यानं एक गुडघा प्लास्टरवर ठेवला होता. प्लास्टर तडकल्याचा आवाज आला आणि धाकट्यानं जी किंकाळी फोडली ती मी अजून विसरलो नाही. त्यानं थोरल्याच्या गालात नखं घालून खाली ओढली. चार लाल रेघा उठल्या. मग थोरल्याचे दोन्ही हात त्याच्या गळ्यावर गेले. आजूबाजूच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. कोणी पुढे आलं नाही. धाकट्याच्या टाचा मातीत घासत होत्या, मग घासायच्या थांबल्या.

तेव्हा ती गाडीतून उतरली. हातात तिचा स्टीलचा डबा, कापडी पिशवीत. पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरून तिनं ती खांद्यावरून फिरवली आणि भासऱ्याच्या डोक्यामागे घातली. डबा उघडला, वरणभात त्याच्या मानेवरून पाठीत गेला. तो बाजूला कलंडला. धाकट्याच्या घशातून हवा आत गेली, घरघरत.

थोरल्यानं डोक्याला हात लावला, बोटांवरचं रक्त बघितलं, आणि मग मारणारं कोण ते बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुखणं नव्हतं.

"हिनं मले हात लावला," तो म्हणाला. सगळ्या दारांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भावसुनेनं मले हात लावला!"

"डबा लागला, हात नाही," मी रांगतारांगता म्हणालो. प्रभारी या नात्यानं मला हे नोंदवावंसं वाटलं.

कोणी लक्ष दिलं नाही. आणि खालून, ज्याचा गळा तिनं आत्ता सोडवला होता तो, खोकत खोकत ओरडला, "भासऱ्यावर हात उचलतं वं? रांड!" त्यानं बसल्या जागेवरून कुबडी फिरवली. ती तिच्या खांद्यावर बसली, हाडाचा आवाज झाला. "मार तिले!" थोरला म्हणाला, आणि उठण्यासाठी त्यानं हात टेकला तो धाकट्याच्या खांद्यावर. धाकट्यानं तो झटकला नाही. उलट त्याचा आधार घेऊन तोही उठला. पंचायत बसली, ठाणं झालं, मामा समजावून थकले, तरी जे दोघे एका रस्त्यानं चालत नव्हते ते आता एकमेकांना धरून तिच्यावर चालून आले.

दुसरा फटका माझ्या कानामागे बसला. मी मध्ये पडलो, असं पुढे गावात सांगतात. खरं म्हणजे मला चष्मा सापडला होता आणि मी उठत होतो.

गरगरताना मला तिचा आवाज आला. "चाबी द्या."

"तुम्हाला येते?"

"बापाचा ट्रॅक्टर चालवत होती. द्या!"

डोक्यावरचा पदर पडला होता, तिनं तो घेतला नाही. मला शेजारच्या सीटवर ढकललं, काचेचे तुकडे पदरानं झटकले आणि गाडी अशी काढली की दोघे भाऊ एकमेकांना धरूनच कडेला पडले. समोर काच नव्हती. वारा, धूळ, किडे सगळं तोंडावर. डावा हात तिला उचलता येत नव्हता. ती म्हणायची "बदला", मी गिअर बदलायचो. दोनदा चुकीचा बदलला.

वारासिवनीच्या बसस्टँडजवळ तिनं गाडी थांबवली. शिंगाड्यांची टोपली घेऊन एक बाई बालाघाटच्या बसची वाट बघत होती.

"बसा," ती म्हणाली. "तीन लागते."

उधारीचे प्रवासी बंद होते, पण प्रभारी मीच होतो. टोपलीवाली बसली. तिनं माझी रक्तानं भिजलेली कॉलर बघितली, नसलेली काच बघितली. "काय झालं वो बाई?"

"ऑफिसले चाल्लो."

वैनगंगेच्या पुलावर मी म्हणालो, "आधी दवाखान्यात जाऊ. खांदा..."

"आधी हजेरी," ती म्हणाली.

फाटकावर चौकीदारानं मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी, ख़ून निकल रहा है!"

"तीन हाव ना?" तिनं विचारलं. "मंग उघड."

ती वेळेवर होती. एका हातानं टाइप करत बसली. साहेब कौतुक करायला आले, गाडीजवळ आपला फोटो काढावा असं त्यांच्या मनात होतं. गाडी बघितल्यावर ते नुसतेच परत गेले. दुपारी दवाखान्यात कळलं, तिचं गळ्याजवळचं हाड तडकलं होतं. माझ्या कानामागे टाके पडले. टाके घालताना मी रडलो, ती नाही.

भावांनी ठाण्यात एकमेकांविरुद्ध पुन्हा रपट लिहिली. तिच्याविरुद्ध लिहिली नाही. भावसुनेनं मारलं, हे ठाणेदाराला सांगणार कोण? चपराशी कामावर येतो, पण तिच्या खोलीत चहा आता दुसराच नेतो. तिचं कंत्राट पुढे चालू राहिलं. ती रामपायलीला परत गेली नाही. ऑफिसच्या मागच्या गल्लीत तिनं एक खोली घेतली, आणि पायी येते. साहेबांनी बैठकीत तिचं उदाहरण दिलं, बघा, या बाईंनी गाडी पूर्ण सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं वाजवल्या नाहीत, हात अजून गळ्यात बांधलेला होता.

मी तिच्या खोलीवर एकदाच गेलो, तिच्या माहेरहून आलेलं तांदळाचं पोतं पोचवायला. शनिवार होता. मी पोतं ओट्यावर ठेवतो तोच गल्लीत धाकटा दिसला, तिचा नवरा. बसनं आला होता, नवं प्लास्टर, तीच कुबडी. मी पोत्याच्या मागे झालो. तो दाराशी येऊन उभा राहिला. आतून तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता.

"जेवाले देतं का?" त्यानं विचारलं.

ती दारात आली. डोक्यावर पदर नव्हता.

"कुबडी बाहेर ठेवा. मंग आत या."

"मी चालू कसा?"

"भित धरून."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग गल्लीकडे, मग माझ्याकडे. त्याच्या मुठीवरच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या. माझा हात आपोआप कानामागे गेला. मग त्यानं काखेतून कुबडी काढली, ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्या हातात दिली, आणि भिंत धरून एका पायावर उड्या मारत आत गेला.

ते जेवेपर्यंत मी ओट्यावर बसून होतो. कुबडी दोन्ही हातांनी धरून.